उजव्या डोळ्याचं खातं

सोमवार, ३ फेब्रुवारी

डोळ्यांच्या हॉस्पिटलने नवीनच टूम काढली आहे. आता नुसत्या पासवर्डवर खातं उघडणार नाही. दोन पुरावे हवेत म्हणे. एक पासवर्ड, आणि दुसरं असं काहीतरी, जे फक्त तुमच्यापाशीच आहे. फोनवर येणारा कोड, बोट, चेहरा, जे काय असेल ते. महिनाअखेरपर्यंत जोडा, नाहीतर खातं बंद!

बंद होऊन कसं चालेल? हिचं नाव बुबुळाच्या यादीत आहे, उजव्या डोळ्यासाठी. बुबुळ मिळालं की निरोप फक्त खात्यात येतो. खातं उघडायचं, 'होय' दाबायचं आणि सरळ भरती व्हायचं. दुपारपर्यंत उत्तर गेलं नाही, तर बुबुळ पुढच्याला. त्यांचंही चुकत नाही. ते फार काळ राखून ठेवता येत नाही, आणि रांग मोठी आहे.

डावा डोळा तर गेलेलाच. मागे त्यात बुबुळ बसवलं होतं, ते शरीराने धरलं नाही. होतं कधी कधी असं. उजव्यातून हिला आता तेलकट कागदातून बघावं तसं दिसतं. शिलाई मशीनवर पडदे शिवते ती हाताच्या अंदाजाने. माणसं ओळखते ती पायांच्या आवाजावरून. या डोळ्यात नवीन बुबुळ बसलं तर पुन्हा वाचेल, रस्ता ओलांडेल, माझ्या शर्टाचा डाग तीन हातांवरून ओळखून मला बोलेल. तेवढं व्हायलाच हवं.

निरोप वाचून दाखवला तर म्हणाली, "एवढी उस्तवार कोण करणार?"

मी! लिफ्टची दुरुस्ती करण्यात माझा जन्म गेला. लोकांचे जीव दोरावर टांगून मी रात्री शांत झोपतो. हे खातं म्हणजे माझ्या हातचा मळ आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पासवर्ड झाला. लहान अक्षर हवं, मोठं हवं, आकडा हवा, खूण हवी. ॲपच्या मागण्या ऐकून ही म्हणाली, "एवढ्या अटी तर तुमच्या आईनेही घातल्या नव्हत्या."

मी लिफ्टच्या चार भागांची नावं उलटी करून एकमेकांत गुंफली. मधे एक आकडा, शेवटी उद्गारचिन्ह. चोराच्या बापालाही सुटायचा नाही. हिला एकदाच वाचून दाखवला आणि हिने लगेच घडाघडा म्हणून दाखवला! मी मात्र जेवून उठेपर्यंत तिसरा भाग विसरलो. पुन्हा हिलाच विचारावा लागला.

"तुमचं सगळंच पाठ आहे मला," म्हणाली, "त्यात हे आणखी एक."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज प्रश्न. पासवर्ड विसरलात तर ओळख पटवण्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवायची. त्यांत पहिलाच — नवऱ्याला किंवा बायकोला पहिल्यांदा कुठे भेटलात?

मी लिहायला घेतलं, वाचनालयाची लिफ्ट. तिथे मी काम करत होतो आणि ही पुस्तकं घेऊन जिन्याने वर गेली. ठळक आठवतंय. हिने मला थांबवलं. "त्याच्या आधी. दातांच्या डॉक्टरकडे. बाकावर तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, गाल टम्म सुजलेला. माझ्याकडे बघितलंही नाहीत."

आता घ्या! इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणते, "विषयच निघाला नाही कधी."

खातं तिचं, म्हणून तिचं उत्तर लिहिलं. दुसरा प्रश्न, लहानपणी काय व्हायचं होतं? मी खुशाल 'शिक्षिका' लिहीत होतो. ही म्हणाली, "पोहणारी. लांब अंतराची." मला हसू आलं. पण लिहिलं. तिसरा आवडत्या रंगाचा होता. तो मी विचारून घेतला!

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजचा दिवस मोठ्या कामाचा. दुसरा पुरावा.

हिचा फोन जुना, बटणांचा. त्यावरचे आकडे कधीच पुसले गेलेत. त्यावर कोड आला तरी ही वाचणार कशी? मग माझाच फोन जोडला. कोड माझ्या फोनवर. शिवाय माझं बोट, शिवाय माझा चेहरा. एकावर एक तीन. लिफ्टचं केबिन कधी एका दोरावर टांगत नाहीत. चार-पाच दोर असतात, आणि त्यातला एकटाही सगळं ओझं पेलू शकतो. आमच्या धंद्यात याला शहाणपण म्हणतात, भित्रेपणा नाही.

हिचं बोटही जोडून बघितलं, असं नाही की बघितलं नाही. उजवी तर्जनी ठेवली, फोन म्हणतो, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. सुया टोचून टोचून त्या बोटाची चाळण झाली आहे, रेषा कुठल्या सापडायला? दोनदा बघितलं आणि सोडून दिलं. माझं बोट एका फटक्यात घेतलं त्याने.

ही म्हणाली, "डोळा माझा, खातं माझं, आणि किल्ली तुमच्या खिशात."

"अगं, माझा खिसा काय आणि तुझा खिसा काय!"

"माझ्या साडीला खिसाच नाही," म्हणाली, आणि मशीन चालवायला लागली. हिच्याशी बोलण्यात मी आजवर जिंकलेलो नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

लिफ्टचा ब्रेक बसवला की आधी केबिन मुद्दाम सोडून बघतात, तो धरतो की नाही. तशी आज खात्याची चाचणी घेतली. हिला म्हटलं, तू फक्त ओरड, "निरोप आला!" मी झोपलेला असेन, दाढी करत असेन, कुठेही असेन. हिने मी तोंडाला साबण लावलेला असतानाच ओरडून घेतलं. तसाच पळत आलो. चेहऱ्याने उघडेना, साबण होता ना! बोटाने उघडलं. चहाचं आधण उकळायच्या आधी खात्यात शिरून बाहेर आलो.

ब्रेकने धरलं! आज मी खूश आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हॉस्पिटलला जाऊन खातं नीट जोडलं गेलंय की नाही ते दाखवून आलो. खिडकीवरची बाई हुशार. फोन बघून म्हणाली, "व्वा, काका, इतकी पक्की व्यवस्था फार थोडे लोक करतात." मी हिच्याकडे बघितलं. हिला बाईचा चेहरा दिसत नव्हता, पण ऐकू तर आलं असणार.

बाईने समजावून सांगितलं. निरोपाखाली दोन बटणं असतात, 'होय' आणि 'नको'. वेळेत काहीच उत्तर आलं नाही, तर बुबुळ पुढच्याला जातं आणि आपलं नाव यादीत तळाला.

ही मधेच म्हणाली, "आणि नको म्हटलं तर?"

"तरीही पुढच्याला जातं. पण नाव जागेवरच राहतं. आजारी असतं कुणी, परगावी असतं. ज्याची त्याची अडचण."

मी म्हटलं, "बाई, इथे लोक वर्ष वर्ष वाट बघतात, नको कोण म्हणेल!" बाई हसली. मीही हसलो. येताना ही माझा दंड घट्ट धरून चालत होती. थकली असावी.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुलगी आली! परगावी नोकरी, दोन महिन्यांनी तोंड दाखवलं. आईसाठी स्वतःचा जुना फोन घेऊन आली. तो म्हणे बोलतो. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवतो, बोट लावाल तिथलं नाव सांगतो. चांगलं झालं, गाणी ऐकेल, गोष्टी ऐकेल.

मुलीला खात्याची सगळी व्यवस्था समजावली. ती म्हणाली, "बाबा, सगळं तुमच्याच फोनवर? आईचंही काहीतरी जोडा ना."

"बोट घेत नाही तिचं."

"दहा बोटं आहेत तिला."

आजकालच्या मुलांना उत्तर तयारच असतं. बघू म्हटलं. दुपारी मी मोरीतला नळ बदलत होतो आणि मायलेकी बाहेरच्या खोलीत त्या बोलणाऱ्या फोनशी खेळत होत्या. खिदळणं चाललं होतं. मधेच मुलगी ओरडली, "बाबा, तुमच्या फोनवर आकडा आलाय का? काय आहे?" काहीतरी मागवलं असेल तिने. चष्मा लावला नव्हता, आकडे तेवढे मोठे दिसत होते. सांगितले ओरडून. आमच्या कामात ही सवयच असते, खालून जोडीदाराने विचारलं "किती?" की वरून आकडा ओरडायचा, विचार नंतर.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मुलगी गेली. घर एकदम मोठं झालं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कापडाच्या मोठ्या दुकानाची लिफ्ट दुरुस्तीला घेतली आहे, नऊ मजली. जुनं यंत्र. काम पुढचे दोन आठवडे तरी पुरेल. जोडीला पैलवान. पैलवान म्हणजे माझा जोडीदार, वजनाने माझ्या निम्मा, म्हणून हे नाव. इतक्या वर्षांत त्याचं खरं नाव मालकही विसरला आहे.

आज एक नवा इंजिनिअर बघायला आला आणि आमचा डबा बघून चकित झाला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. लिफ्टच्या विहिरीत उतरण्याआधी खिसे त्यात रिकामे करायचे. नाणी, कंगवा, किल्ल्या, फोन, पेन, सगळं. अंगठीसुद्धा. हत्यारं मनगटाला दोरीने बांधलेली. माझ्या वरच्या खिशातलं एक पेन एकदा सातव्या मजल्यावरून पैलवानाच्या हेल्मेटवर पडलं होतं. साधं पेन! त्याने ते पोचा पडलेलं हेल्मेट अजून ठेवलंय आणि कुणी भेटलं की काढून दाखवतो. तेव्हापासून डब्याशिवाय आम्ही आत पाऊल टाकत नाही. इंजिनिअर म्हणाला, "एवढी शिस्त हल्ली बघायला मिळत नाही." पैलवान लगेच हेल्मेट आणायला धावला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

खात्यात काही नाही. रोज सकाळी, दुपारी डबा खाताना आणि घरी आल्यावर बघतो. अगदी डोळ्यात तेल घालून.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

गेलं. हातचं गेलं.

सकाळी आत उतरलो. दोर बदलायचे होते, ते अर्ध्यावर सोडता येत नाहीत, म्हणून जेवायलाही वर आलो नाही. संध्याकाळी बाहेर येऊन डबा उघडला. फोनवर हॉस्पिटलचा निरोप. "आपल्यासाठी बुबुळ उपलब्ध आहे." सकाळचा! त्याच्यानंतर थोड्या वेळाने हिचा एक फोन येऊन गेलेला. एकच. आणि त्याच्याखाली दुपारचा दुसरा निरोप. "हे बुबुळ आता आपल्यासाठी उपलब्ध नाही."

मी तिथेच पायरीवर बसलो. पैलवान म्हणाला, "काय झालं रे?" मी फोन त्याच्यापुढे धरला.

तीन दोर बांधले, आणि सगळे एकाच खिशात! आणि तो खिसा मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने डब्यात रिकामा करतो. गेल्याच आठवड्यात त्या शिस्तीची मी इथे प्रौढी मारली आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिने बिचारीने कोड विचारायला फोन केला असणार, आणि तो डब्यात कंगव्याशेजारी वाजत राहिला असणार.

घरी आलो. ही दिवा न लावता बसली होती. तिला दिव्याचं तसं काही नसतं, पण मला ते बघवेना. मी म्हटलं, "चुकलो गं. निरोप आला होता. माझ्यामुळे गेलं."

"माहीत आहे मला, आला होता," म्हणाली. "तुमची चूक नाही."

"माझी नाही तर कुणाची?"

"तुमची नाही एवढं खरं. जेवून घ्या."

कसलं जेवण! ही बाई देवाने कशाची बनवली आहे कळत नाही. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. मला रडू आलं. हिला दिसत नाही म्हणून मोकळेपणाने रडलो, तर म्हणते, "नाक पुसा. ऐकू येतं मला."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कामावर गेलो नाही. या नोकरीत पहिल्यांदाच आजारी नसताना रजा. दिवसभर मशीनशेजारी बसून हिला कापडाची कड धरून दिली. ही शिवत होती, मी सरकवत होतो. पुन्हा एकदा तेच म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खरंच तुमची चूक नाही." तिचा हा चांगुलपणा मला जास्त बोचतो.

मुलीला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आईला द्या." मी फोन दिला आणि मुद्दाम स्वयंपाकघरात गेलो. पोरीला रागावायचं असेल तर बापासमोर कशाला रागावेल!

शनिवार, १ मार्च

रडत बसून लिफ्ट वर जात नाही. सकाळीच हॉस्पिटल गाठलं. एकटाच. खिडकीवर तीच बाई.

तिला सगळं सांगितलं. विहीर, डबा, दोर, सगळं. म्हटलं, बाई, तळाला टाका हवं तर, पण यादीतून काढू नका. तिने यादीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काका, नाव जागेवरच आहे."

जागेवर! उत्तर न देणाऱ्याचं नाव तळाला जातं असं याच बाईने सांगितलं होतं. माझं बोलणं तिच्या काळजाला भिडलं असणार. आपण खरं बोललो की समोरचा माणूस वाकतोच, हे मी पैलवानाला नेहमी सांगतो.

निघताना ती म्हणाली, "काकूंशी बोललात ना तुम्ही?"

"घरातलीच गोष्ट, त्यात वेगळं काय बोलायचं?"

"तरी बोला," म्हणाली. कामात होती, पुढच्या माणसाकडे वळली.

सोमवार, ३ मार्च

पुन्हा कंबर कसली आहे. कानाला खडा! आता एकाच खिशावर काही ठेवायचं नाही.

पैलवानाशी बोलून डब्याचा नियम बदलला. नियम मोडायचा नाही, फक्त वाढवायचा. फोन आता डब्यात नाही, दुकानाच्या पहारेकऱ्याच्या टेबलावर. वाजला की त्याने विहिरीच्या दारावर तीनदा ठोकायचं. आम्ही काहीही करत असलो तरी हातातलं काम आधी पक्कं करून वर यायचं. पहारेकरी म्हणाला, "आणि मी चहाला गेलो असेन तर?" पैलवान म्हणाला, "चहा इथेच आणून देतो, लेका, पण हलायचं नाही." पैलवानाच्या खिशातून चहा! म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते कळावं.

आज चाचणीही घेतली. मुलीला मुद्दाम फोन करायला सांगितला. तीनदा ठोकलं, मी वर. ब्रेकने धरलं.

बुधवार, ५ मार्च

राखीव कोडांचा एक कागद ॲप देतं. फोन हरवला तर त्यावरचा एकेक कोड वापरायचा. तो काढून घेतला आणि शेजारच्या शिक्षकांकडे पाकिटात बंद करून ठेवला. शिक्षक म्हणाले, "मी काय करायचं याचं?" काही नाही, फक्त घरी असायचं! निवृत्त माणूस, त्यांना जमेल.

माझा फोन, पहारेकरी, कागद, तीन दोर झाले. चौथा राहिला. हिचा.

गुरुवार, ६ मार्च

जेवताना हिला सगळी नवी व्यवस्था सांगितली. पहारेकरी, शिक्षक, कागद, तीनदा ठोकणं. ही ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या डोळ्यासाठी अख्खा गाव कामाला लावलात."

"लावणारच! पुढच्या वेळी निरोप आला, की माशीसुद्धा मधे यायची नाही. निरोप आला की होय, होय म्हटलं की टेबलावर!"

हिने ताट पुढे सरकवलं. भूक नाही म्हणाली. दुपारी काहीतरी खाल्लं असेल.

शनिवारी सुट्टी आहे. त्या बोलणाऱ्या फोनवर हिचं बोट जोडून टाकतो. मुलगी म्हणाली तेच खरं, बोटं दहा आहेत. एक घेणार नाही, दुसरं घेईल. एवढं झालं की मी निर्धास्त.

शनिवार, ८ मार्च

हिचा फोन मांडीवर घेऊन बसलो. म्हटलं, आण हात, एकेक बोट लावून बघू.

"करंगळी आहे त्यात," ही म्हणाली. "पोरगी आली होती तेव्हाच जोडली. कोड तुम्हीच ओरडून सांगितलात."

म्हटलं, मग त्या दिवशी?

"त्या दिवशी उघडलं होतं मी. फोनने वाचून दाखवलं. आधी तुम्हाला फोन केला, म्हटलं नुसता आवाज ऐकला तरी धीर येईल. तुम्ही आत होतात. मग मी 'नको' दाबलं." हातातलं कापड तसंच धरून होती. "डाव्याच्या वेळी काय काय सोसलं, ते माझं मला माहीत. पुन्हा तेच झालं, तर आहे तेवढा उजेडही जाईल. रोज मला त्याची भीती वाटते, अहो. तुम्ही इतके पुरावे जोडलेत. मला एकदाही विचारलं नाहीत."

मग मी विचारलं. फोन बाजूला ठेवून विचारलं, "तुला करायचंय का गं हे?"

"माहीत नाही," ही म्हणाली. "उद्या परत विचारा."